ऊन लागतं म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

मार्च लागला की तासगाव तालुक्यात कुणाला बोलायलाही सवड नसते. मणेराजुरी, सावळजकडच्या बागांतून द्राक्षं उतरत असतात, शेडच्या जाळ्यांवर बेदाण्याचा माल पडत असतो. हे आवरतं न आवरतं तोच एप्रिलची खरड छाटणी दारात उभी राहते. म्हणजे वर्षातलं सगळ्यात अंगमेहनतीचं काम आणि वर्षातलं सगळ्यात कडक ऊन एकाच वेळी येतं. पारा 38-40 च्या आसपास असतो आणि दवाखान्यात तीच वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. "डॉक्टर, ऊन लागलंय." "पोटऱ्यांत गोळे येत्यात." "उन्हाळी लागलीय." आणि त्यापाठोपाठ हमखास येणारा प्रश्न: "पाणी तर भरपूर पितोय, घामही फारसा येत नाही, मग असं का व्हतंय?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात मेंदू, हृदय, कातडी, मूत्रपिंडं आणि आतडी असं जवळपास सगळं शरीर येतं. म्हणूनच शरीराची ओळख करून घ्यायला हा प्रश्न चांगला आहे.

1. रचना आणि कार्य

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा देशातल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात, पहिल्या वर्षी दोन विषय शेजारीशेजारी शिकवले जातात. शरीररचनाशास्त्र सांगतं की कुठला भाग कुठं आहे, कसला बनलेला आहे, कशाला जोडलेला आहे. शरीरक्रियाशास्त्र सांगतं की तो भाग काम कसं करतो. एकाशिवाय दुसरं अपुरं. घर्मग्रंथी, म्हणजे घाम तयार करणारी ग्रंथी, कातडीत कुठं असते हे कळलं तरी ती केव्हा आणि का पाझरते हे कळल्याशिवाय उपयोग नाही.

शरीराची मांडणी चार पायऱ्यांची आहे. सगळ्यात लहान जिवंत घटक म्हणजे पेशी. एका प्रकारचं काम करणाऱ्या पेशी एकत्र आल्या की ऊती होते, उदाहरणार्थ स्नायूंची ऊती. वेगवेगळ्या ऊती मिळून अवयव होतो. आणि एका कामासाठी जोडलेले अवयव म्हणजे संस्था: पचनसंस्था, मज्जासंस्था, रक्ताभिसरण संस्था.

कातडीसुद्धा एक अवयवच आहे, आणि आकारानं फार मोठा. प्रौढ माणसाची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा वरचा थर बाह्यत्वचा. तिथल्या वरच्या पेशी मेलेल्या, चपट्या असतात आणि त्या पाणी अडवतात. त्याखाली अंतस्त्वचा असते. तिच्यात रक्ताच्या बारीक वाहिन्या, संवेदना नेणारे मज्जातंतू आणि घर्मग्रंथी असतात. त्याखाली चरबी. उन्हाशी आपला पहिला सामना इथं होतो, पण हुकूम मात्र दुसरीकडून सुटतो.

2. सदतीस अंशांचा हट्ट

आपलं आतलं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 98.6 फॅरनहाइटच्या आसपास असतं. पहाटे थोडं कमी, संध्याकाळी थोडं जास्त, पण फरक एखाद्या अंशाच्या आतला. बाहेर डिसेंबरातली पहाट असो की एप्रिलातली दुपार, आत हा आकडा फारसा हलत नाही.

हा हट्ट कशासाठी? पेशीतलं जवळजवळ प्रत्येक काम प्रथिनं करतात. साखर मोडून ऊर्जा काढणारी विकरं ही प्रथिनंच. प्रथिनांचा आकार ठरलेला असतो आणि त्या आकारावरच त्यांचं काम चालतं. तापमान 41-42 अंशांच्या पुढं गेलं की हा आकार बिघडू लागतो, पेशींना इजा होऊ लागते. मेंदूला तर ती लवकर होते.

बाहेर काहीही चाललं तरी आतली स्थिती ठरावीक मर्यादेत राखण्याच्या या धडपडीला अंतर्गत समतोल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी या कल्पनेचा पाया घातला आणि विसाव्या शतकात अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी ती विस्तारानं मांडली. तापमानच नाही, तर रक्तातली साखर, मीठ, पाणी, आम्लता हे सगळं शरीर असंच सांभाळतं.

तापमानाची देखरेख मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग करतो. कातडीतल्या मज्जातंतूंकडून त्याला बाहेरच्या उष्णतेची खबर मिळते आणि त्याच्यातून वाहणाऱ्या रक्तावरून आतल्या उष्णतेची. ठरलेल्या पातळीपेक्षा उष्णता वाढली की तो दोन हुकूम सोडतो: कातडीकडं रक्त वाढवा आणि घाम सुरू करा. उष्णता उतरली की हुकूम मागं घेतले जातात.

आता थोडं गणित. साठ किलो वजनाचा माणूस खरड छाटणी करतोय असं धरू. अशा कामाला तासाला साधारण 300 किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामात जातो, उरलेल्या 240 किलोकॅलरींची उष्णता होते. साठ किलोच्या शरीराचं तापमान एक अंशानं वाढायला सुमारे 50 किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात तापमान 37 वरून 42 च्या जवळ जाईल. सूर्याची उष्णता यात अजून धरलेलीच नाही. तरीही रोज हजारो माणसं दिवसभर छाटणी करून धडधाकट घरी येतात, ती त्या दोन हुकमांमुळं.

3. रक्त कातडीकडं धावतं

उष्णता तयार होते स्नायूंत आणि यकृतासारख्या आतल्या अवयवांत. ती बाहेर टाकायची जागा आहे कातडी. मधली वाहतूक रक्त करतं.

उन्हात कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. तोंड लाल होतं, हातावरच्या शिरा फुगतात. गार हवेत कातडीतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. कडक उष्णतेत हा आकडा सहा-सात लिटरवर जाऊ शकतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला एकूण पाच लिटरच्या आसपास रक्त पुढं ढकलतं, हे लक्षात घेतलं की या वाढीव कामाचा अंदाज येतो. म्हणून उन्हात साधं चाललं तरी छाती धडधडते. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे त्यांना म्हणूनच उन्हाचा त्रास लवकर होतो.

एवढं रक्त आणायचं कुठून? आतडी आणि मूत्रपिंडांच्या वाट्याचं रक्त कमी करून. उन्हातून आल्यावर जेवण जात नाही, मळमळतं, त्यामागं हेही एक कारण आहे. आणि बराच वेळ एकाच जागी उभं राहिलं तर रुंदावलेल्या वाहिन्यांतलं रक्त पायांकडं साचतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं आणि माणूस भोवळ येऊन कोसळतो. अशा माणसाला सावलीत आडवं करून पाय थोडे वर उचलून धरले की बहुतेक वेळा तो लवकर सावध होतो. मेंदूकडं रक्त परत गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

पण कातडीकडं रक्त आणून उष्णता बाहेर जाते ती बाहेरची हवा कातडीपेक्षा गार असेल तरच. कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा 39 अंशांवर असेल तर उष्णता उलट आत शिरते. मग हाती एकच मार्ग उरतो.

4. घामाचा थेंब आणि बेदाणा

आपल्या कातडीत साधारण 20 ते 40 लाख घर्मग्रंथी आहेत. प्रत्येक ग्रंथी म्हणजे एक अतिशय बारीक नळी. तिचं खालचं टोक अंतस्त्वचेत वेटोळं करून बसलेलं असतं, वरचं टोक कातडीवर उघडतं. वेटोळ्यात आजूबाजूच्या द्रवातून पाणी आणि मीठ ओढलं जातं. हा खारट द्रव नळीतून वर चढताना नळीच्या भिंती त्यातलं बरंचसं मीठ परत शोषून घेतात. म्हणून घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. मात्र घाम फार वेगानं वाहू लागला की मीठ परत घ्यायला वेळ मिळत नाही आणि घाम जास्त खारट होतो. दिवसभर राबलेल्या माणसाच्या सदऱ्यावर पाठीला पांढरे ओघळ दिसतात ते याच मिठाचे.

घाम आला म्हणून गारवा येत नाही, घाम वाळला की येतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती कातडीतून घेतली जाते. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे आपल्या छाटणीवाल्याच्या 240 किलोकॅलरींना 400 मिलिलिटरच्या आसपास घाम पुरतो. उन्हाची उष्णता धरली की तो तासाला पाऊण ते एक लिटरवर जातो.

बेदाण्याच्या शेडमध्ये हेच चाललेलं असतं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि तो पाणी अडवतो. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, त्यानं त्या थरातून पाण्याला वाट मिळते. मग जाळीवर पसरलेला माल सावलीत, नुसत्या कोरड्या वाऱ्यावर, 12 ते 15 दिवसांत वाळतो आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. आपल्या कातडीचा वरचा थरही असाच पाणी अडवणारा आहे आणि घर्मग्रंथींनी त्यातून वाट काढलेली आहे. फरक एवढाच की द्राक्षाला गेलेलं पाणी परत लागत नाही.

5. कोरडी हवा, दमट हवा

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात उन्हाळ्याची हवा कोरडी असते. बेदाणा इथं चांगला वाळतो तो त्यामुळंच. 'सांगली बेदाणा' या नावाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागं या हवेचाही वाटा आहे. पण हीच हवा अंगावरचा घाम येताक्षणी उडवून नेते. कातडी कोरडी राहते, सदरा भिजत नाही, आणि माणसाला वाटतं, घामच येत नाही. प्रत्यक्षात तासाला पाऊण लिटर पाणी जात असतं.

हाच माणूस मे महिन्यात रत्नागिरीला गेला तर दहा मिनिटांत चिंब होईल. तिथल्या हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. घाम वाळत नाही, नुसता गळतो. गळलेला घाम शरीराला गार करत नाही. पाणी मात्र वाया जातं. म्हणून दमट हवेत पारा कमी असूनही धोका जास्त असू शकतो. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर इथं झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात लोक तासन् तास उघड्या उन्हात बसले होते. पारा चाळिशीच्या खालीच होता, पण खाडीकाठची हवा दमट होती. उष्माघातानं 14 जण दगावले.

शेडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. आभाळ भरून आलं, हवेत ओल वाढली की बेदाणा वाळायचा थांबतो आणि काळवंडायला लागतो. अशा दिवशी राबणाऱ्या माणसाचा घामही वाळत नसतो. त्या दिवशी कामाचा वेग कमी करणं मालासाठी नाही, तरी माणसांसाठी गरजेचं असतं.

6. पाण्याचा हिशेब

साठ किलोच्या तरुण पुरुषाच्या शरीरात सुमारे 36 लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश, म्हणजे 24 लिटर, पेशींच्या आत. उरलेलं 12 लिटर पेशींच्या बाहेर, आणि त्यातलं जेमतेम तीन लिटर रक्तातलं. घाम बनतो या बाहेरच्या 12 लिटरांतून. सहा तासांत साडेचार लिटर घाम गेला आणि पाणी भरून निघालं नाही, तर आतलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि रक्ताचं प्रमाणही घटतं. रक्त कमी झालं की कातडीकडं पुरेसं रक्त जात नाही, घाम कमी होतो आणि तापमान चढू लागतं. वजनाच्या दोन टक्के, म्हणजे इथं सव्वा लिटरच्या आसपास, पाणी गेलं तरी कामाचा जोर कमी झालेला जाणवतो.

हे सावरण्याचं काम मूत्रपिंडांचं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. लघवी होते दीड-दोन लिटर. पाणी कमी पडलं की हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सोडलं जातं. संप्रेरक म्हणजे रक्तातून जाणारा रासायनिक निरोप. हा निरोप मिळाला की मूत्रपिंडं आणखी पाणी राखून ठेवतात. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, कधी जळजळतेही. आपण म्हणतो, उन्हाळी लागली. मात्र जळजळ पाणी वाढवूनही दोन-तीन दिवसांत गेली नाही किंवा सोबत ताप आला, तर लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, तपासून घ्यावं.

तहान हीसुद्धा हायपोथॅलॅमसचीच सूचना, पण ती थोडी उशिरा मिळते. म्हाताऱ्या माणसांत तर ती आणखी मंदावते. म्हणून शेतात तहानेवर विसंबू नये, लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावं. ती फिकट पिवळी असेल तर हिशेब बरोबर आहे. या बाबतीत बायकांची अडचण खरी आहे. शेतात आडोसा नसतो म्हणून कित्येक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मालकानं बागेत पाण्याच्या घागरीबरोबर आडोशाचीही सोय केली पाहिजे.

7. नुसतं पाणी का पुरत नाही?

आता दवाखान्यातल्या त्या प्रश्नाकडं येऊ. भरपूर पाणी पिऊनही गोळे का येतात?

घामाच्या एका लिटरमागं साधारण एक ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ जातं. साडेचार लिटर घामात दहा-अकरा ग्रॅम, चांगले दोन चमचे. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचणं आणि स्नायू आखडून पुन्हा सैल होणं हे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमसारख्या क्षारांवर चालतं. क्षार कमी आणि स्नायू थकलेला, अशा वेळी स्नायू आखडतो तो सैलच होत नाही. हाच गोळा. त्यात वरून नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. फारच पातळ झालं तर डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो.

म्हणून पाण्याबरोबर मीठ हवं. भाकरीबरोबर ठेचा किंवा लोणचं, मीठ घातलेलं ताक, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, ही आपली जुनी सोय शास्त्राला धरून आहे. साखर चवीपुरती नसते. लहान आतड्याच्या पेशींत एक असं प्रथिन आहे, जे ग्लुकोज आणि सोडियम दोघांना जोडीनं आत घेतं. त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. जलसंजीवनी याच तत्त्वावर चालते. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती वापरली आणि कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावं. मीठ जास्त पडू देऊ नये.

बेदाण्यात साखर भरपूर, पोटॅशियमही चांगलं, पण सोडियम अगदी नगण्य. मूठभर बेदाणे खाऊन ताकद येईल, मीठ मात्र भरून निघणार नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

8. अंगाला ऊन मुरावं लागतं

बाहेरगावाहून नुकताच आलेला मजूर पहिल्या दिवशी दमतो आणि दोन आठवड्यांनी तेच काम सहज करतो. एवढ्या काळात त्याच्या शरीरात खरोखरच बदल झालेले असतात. रक्तातला द्रव वाढतो. घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त सुटतं आणि घामातून मीठ कमी जातं. याला सात ते 14 दिवस लागतात. उन्हाचे गंभीर प्रकार कामाच्या पहिल्या काही दिवसांतच जास्त घडतात, ते शरीर अजून तयार नसल्यामुळं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्श्याएवढंच काम द्यावं आणि रोज थोडं वाढवावं.

9. समतोल ढळतो तेव्हा

थकवा, डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम, पण माणूस नीट बोलतोय: ही उन्हानं आलेली गळाठ. सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी यानं तो सावरतो.

माणूस बरळू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात. आतलं तापमान 40 च्या वर गेलेलं असतं. घाम असेल किंवा नसेल, त्यावर जाऊ नये. इथं पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात पातळी 37 वरच असते, शरीराला ती राखता येत नसते. खिशातला कांदाही अंग गार करू शकत नाही. गार करतं पाणी.

अशा वेळी 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, पुठ्ठ्यानं, टॉवेलनं, मिळेल त्यानं वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. उष्माघातात मिनिटं मोलाची असतात आणि ती पहिली मिनिटं बागेतल्या माणसांच्याच हातात असतात.

आणि वेळ तिथवर येऊच नये म्हणून करायचं ते थोडकंच आहे: दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी, जेवणात पुरेसं मीठ, 12 ते 4 अवजड कामाला सुट्टी. अंग कोरडं दिसतंय म्हणून यातलं काहीही टाळू नका.